रकाना क्रमांक चार

कायदा दिल्लीहून आला, नियम मुंबईत होणार,
मधल्या जागेत आम्ही खुर्च्या मांडल्या.
नागाळा पार्कातला हॉल. जनसुनावणी.
शंभर कप चहाची लेखी मंजुरी.
मला लेखनिक म्हणून बोलावलं होतं,
अक्षर बरं, आणि माझ्या शाळेचा पट सात,
म्हणजे एक दिवस मी नसले तर
कुणाचं काही अडत नाही, असं ठरलेलं.

कागदावर चार रकाने:
अनुक्रमांक, नाव व गाव, हरकत अथवा सूचना, अभिप्राय.
चौथा कोरा ठेवा, साहेब म्हणाले,
तो वर भरतात.

पहिले मगदूम गुरुजी, निवृत्त, हुपरी.
सतरा मिनिटं बोलले, घंटी दोनदा वाजली तरी.
कलमं तोंडपाठ, पोटकलमंसुद्धा.
मी लिहिलं: शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत.
लिहिता लिहिता पेन जरा थबकलं.

मग रशीदा मुल्लाणी, वडणगे. शाळेत खिचडी शिजवते.
"पोरांच्या ताटातलं ग्रॅम ग्रॅम लिवलंय तुमी,
माझ्या डोळ्यातल्या धुराचं कुठल्या पानावर हाय?"
मी लिहिलं: गॅस जोडणीबाबत.

सदतिसावी कोंडाबाई येडगे,
राधानगरीच्या वरच्या अंगाचा धनगरवाडा.
माईक उलटा धरला, कुणीतरी सरळ करून दिला.
"मी शिकलेलो न्हाई. पर मी मोजलोय.
नकाशात म्हनं शाळा एक किलोमीटर.
नकाशाला वढा न्हाई. नकाशाला गवा आडवा येत न्हाई.
पोरगी म्होरं, मी मागं,
शंभर पावलं झाली की एक खडा वट्यात.
ह्ये बगा."
आणि तिनं ओटा सोडला टेबलावर,
फुलदाणी आणि पाण्याच्या बाटल्यांच्या मधे.
त्रेसष्ट खडे.

एवढ्या वेळात पहिल्यांदा
पंख्यांचा आवाज ऐकू आला.
साहेबांनी एक खडा उचलला, फिरवून पाहिला,
आणि होता त्याच जागी नीट ठेवला.

मी लिहिलं: अंतराची फेरमोजणी व्हावी.
तिचं 'मोजलोय' मी 'मोजले आहे' केलं.
आमच्या भागात बाई असंच बोलते,
आलो, गेलो, जेवलो.
माझी आई तसंच बोलायची. मीही.
डी.एड.च्या पहिल्या वर्षी वर्ग हसला
तेव्हा मी ते दाराबाहेर ठेवलं,
आणि येताना न्यायचं राहून गेलं.
साहेबांच्या डोक्यामागे फलक होता,
'शिक्षण मातृभाषेतून', पिवळ्यावर निळं,
एका कोपऱ्यातून सुटून लोंबणारं.

एकशे सात सूचना झाल्या.
चहा साठाव्या माणसालाच संपला होता.

आवरताना शिपाई म्हणाला, "बाई, खडं टाकू का भाईर?"
मी पाकीट मागितलं. पाकीट फाटलं.
मग डब्याच्या पिशवीत भरले,
चिठ्ठी लावली: जोडपत्र क, नग त्रेसष्ट.
सोमवारी आवक-जावकच्या टेबलावरून फोन येईल,
हे स्कॅन कसं करायचं?
येऊ दे. मलाही माहीत नाही.

सव्वासातची गाडी धरायची होती.
हॉलच्या पायरीपासून सुरू केलं,
एक, दोन, पर्सचा पट्टा खांद्यावर,
शंभराला एक बोट मिटत.
दाभोळकर कॉर्नरला रिक्षावाला ओरडला,
"ओ मॅडम, मरायचंय का?"
आणि आकडा निसटला.

तिथपर्यंत नऊशे.
नऊशे मी मोजलो.